सव्हॉयची चतुर सखी : जेसी बाँड

संगीत नाटक पाहून मंडळी घरीं परतूं लागली म्हणजे वाटेंत नायिकेच्या गळ्याची आणि रूपाची वाखाणणी होते. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांतलीं मुलें नक्कल करतात ती बहुधा दुसऱ्याच पात्राची. नायिकेच्या शेजारीं उभी राहून तिचे निरोप पोंचविणारी, तिच्या उसाशांची हळूच थट्टा करणारी आणि कथानक अडलें कीं एखादी सोयीस्कर थाप मारून तें पुढें ढकलणारी जी सखी असते, तिची ती नक्कल असते. कालिदासानें शकुंतलेजवळ प्रियंवदा ठेवली ती केवळ झाडांना पाणी घालण्यासाठीं नव्हे. ती नसती तर तपोवनांतला तो पहिला अंक किती गंभीर झाला असता !

पाश्चात्य संगीत रंगभूमीवर या पात्राला 'सूब्रेट' हें फ्रेंच नांव आहे. चपळ, चतुर, थोडी आगाऊ, बहुधा दासी किंवा मैत्रीण, आणि नायिकेपेक्षां व्यवहार अधिक कळणारी, असें तिचें रूप ठरून गेलेलें असतें. नायिकेला उंच पट्टींतलीं गाणीं मिळतात, सखीला बहुधा मधल्या पट्टींतलीं. नायिकेनें प्रेम करावें, सखीनें हंसवावें, अशी ही वांटणी आहे. अशा नटीला टाळ्या भरपूर मिळतात. पण जाहिरातींत तिचें नांव खालीं असतें, आणि पगारपत्रकांतही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एका ठेंगण्या नटीनें हा हिशेब बदलून घेतला. तिचें नांव जेसी बाँड.

जेसीचा जन्म १० जानेवारी १८५३ रोजीं लंडनमध्यें झाला. बालपण मात्र लिव्हरपूल शहरांत गेलें. लहानपणींच ती पियानो शिकली, आणि मग गाऊं लागली. सतराव्या वर्षीं एका संगीतशिक्षकाशीं तिचें लग्न झालें. तो तिच्या आयुष्यांतला काळा काळ होय. थोड्याच अवधींत तिला नवऱ्याचें घर सोडावें लागलें, पदरीं आलेलें मूल तान्हेपणींच गेलें, आणि पोट भरण्यास गळ्यावांचून दुसरें साधन उरलें नाहीं. मैफलींत आणि ऑरेटोरिओ नांवाच्या धार्मिक संगीतप्रबंधांत ती गात असे. अशा गायिकेनें स्वरलिपीचें पुस्तक हातीं धरून निश्चल उभें राहावयाचें असतें. चेहऱ्यानें कांहीं करावयाचें नसतें, हातांनीं तर मुळींच नाहीं. पुढें जिच्या नुसत्या पाठ फिरविण्यानें सारें नाट्यगृह हंसलें, तिची उमेदवारी ही अशी झाली.

१८७८ सालच्या मे महिन्यांत लंडनच्या ऑपेरा कॉमिक नाट्यगृहांत 'एच्. एम्. एस्. पिनाफोर' या नव्या संगीतिकेच्या तालमी चालल्या होत्या. शब्द डब्ल्यू. एस्. गिल्बर्टचे, संगीत आर्थर सलिव्हनचें, आणि व्यवस्था रिचर्ड डॉयली कार्टची. हें त्रिकूट पुढें इंग्लंडांत इतकें गाजलें, कीं त्यांच्या नाटकांना एक स्वतंत्र नांव पडलें. त्या नाटकांत हीबी नांवाची एक भूमिका होती. ती करावयाची बाई तालमीच्या भरांत सोडून गेली आणि पहिल्या प्रयोगास आठवडाभरच उरला असतांना ती जागा जेसीला मिळाली. अडचण एकच होती : तिला गातां येई, बोलतां येत नसे. रंगभूमीवर उभें राहून गद्य संवाद म्हणण्याचा तिला सरावही नव्हता आणि धीरही नव्हता. तेव्हां गिल्बर्टनें हीबीचे संवाद कापून टाकले. कांहीं काढले, कांहीं गाण्याच्या चालीवर बसविले. २५ मे १८७८ रोजीं पडदा उघडला तेव्हां जेसी बाँड ही जवळजवळ मुकी सखी होती.

पण त्या मुकेपणांतच तिला विनोदाचें पहिलें सूत्र सांपडलें असावें. हीबी ही नाविक खात्याच्या एका बढाईखोर मंत्र्याची नातलग. मंत्रिमहाशय आपली थोरवी गाऊं लागले कीं त्यांच्या मागें उभा असलेला बहिणी, आत्या, मावश्या यांचा तांडा तेंच तें पालुपद लावतो, आणि त्यांच्या अग्रभागीं ही हीबी असते. विनोद शब्दांत फारसा नाहीं; तो वेळेंत आहे. साहेबांचा स्वर चढत चढत जाऊन ऐन मोठेपणाच्या टोंकाला पोंचावा आणि नेमक्या त्याच मात्रेवर नातेवाइकांनीं त्याला टांचणी लावावी. अर्धी मात्रा अगोदर लागली तर घाई दिसते, अर्धी मात्रा उशिरा लागली तर हंशा विरतो. गद्य नाटकांतला विदूषक हंशाची वाट पाहत थांबूं शकतो. संगीत नाटकांतल्या विनोदी पात्राला ती मुभा नाहीं, कारण वाद्यवृंद थांबत नाहीं. जी गायिका वर्षानुवर्षें ताल मोजीत उभी राहिली, तिला या कामीं इतरांना शिकावें लागतें तें आधींच अवगत होतें.

बोलणें ती हळूहळू शिकली. १८७९ च्या अखेरीस ही मंडळी न्यूयॉर्कला गेली, त्यांत जेसीही होती. तेथें ३१ डिसेंबर १८७९ रोजीं झालेल्या 'पायरेट्स ऑफ पेन्झन्स'च्या प्रयोगांत तिनें एडिथचें काम केलें. १८८१ च्या एप्रिलमध्यें आलेल्या 'पेशन्स'मध्यें ती लेडी अँजेला झाली. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला कार्टनें सव्हॉय हें आपलें नवें नाट्यगृह उघडलें. संपूर्णपणें विजेच्या दिव्यांनीं उजळलेली ती जगांतली पहिली सार्वजनिक इमारत म्हणून ओळखली जाते. गॅसच्या मंद उजेडांत नटाला हावभाव मोठे करावे लागत. विजेच्या प्रकाशांत भुवईची हालचालही मागल्या रांगेपर्यंत दिसूं लागली. विनोदी नटीला यापेक्षां मोठी देणगी कोणती ?

गिल्बर्टची काम करण्याची पद्धति येथें सांगितली पाहिजे, कारण तिच्या चौकटींतच जेसीची सारी करामत घडली. तालमीपूर्वीं तो घरीं रंगमंचाची एक छोटी प्रतिकृति मांडून बसे आणि माणसांऐवजीं लांकडी ठोकळे हलवून प्रत्येक पात्राची जागा ठरवी. कोणी केव्हां कोठें वळावयाचें, कोणी कोणाच्या मागें उभें राहावयाचें, हें सर्व अगोदर निश्चित होई. पदरचें वाक्य घालण्यास सक्त मनाई होती. त्या काळच्या इंग्रजी प्रहसनांत पुरुषानें बाईचें सोंग घेऊन धिंगाणा घालावा आणि स्त्रियांनीं तंग कपड्यांत पुरुष व्हावें, हा रिवाज होता. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांनीं तो मोडला : पुरुषानें पुरुषाचें काम करावयाचें, स्त्रीनें स्त्रीचें. विनोद करावयाचा तर तो वेषांतराच्या आधारावांचून झाला पाहिजे, असा याचा अर्थ झाला.

हा नियम मराठी वाचकांस विशेष नजरेंत भरेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत रंगभूमीवर आलें. 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं. त्यानंतर बरोबर एका आठवड्यानें, २५ नोव्हेंबरला, लंडनमध्यें गिल्बर्ट-सलिव्हनच्या 'आयोलान्थी'चा पहिला प्रयोग झाला. दोन्हीकडे एकाच वेळीं संगीत नाटकाला बहर येत होता; पण पुण्यांत शकुंतला, सुभद्रा आणि त्यांच्या सख्याही पुरुषच होत. मराठी रंगभूमीवर स्त्रियांनीं स्त्रीभूमिका कराव्या याला शिष्टसंमति मिळण्यास १९३३ सालचें 'आंधळ्यांची शाळा' उजाडावें लागलें. लंडनमध्यें नटीला जागा होती, परंतु प्रतिष्ठा फारशी नव्हती. सव्हॉयमधील कडक शिस्तीचा एक हेतु असा होता कीं, सभ्य घरांतील बायकामुलांना तेथें निःशंक येतां यावें.

'आयोलान्थी'मध्यें जेसीला नाटकाच्या नांवाचीच भूमिका मिळाली. मर्त्य मानवाशीं लग्न केल्यामुळें हद्दपार झालेली ही परी ओढ्याच्या तळाशीं राहते आणि शेवटीं मुलासाठीं प्राणावर उदार होऊन नवऱ्यापुढें प्रकट होते. भूमिका करुण आहे. गंमत अशी, कीं नाटकाला नांव तिचें असलें तरी ती रंगमंचावर थोडाच वेळ असते. सखी ती सखीच राहिली; फक्त या खेपेस तिला रडवावयाचें होतें. तें तिला साधलें, आणि हंसविणाऱ्या बाईच्या अंगीं दुसरेंही कांहीं आहे हें गिल्बर्टच्या ध्यानांत आलें. १८८४ च्या 'प्रिन्सेस आयडा'विषयीं मात्र विशेष सांगण्यासारखें नाहीं. त्यांतली मेलिसा कोणीही चांगली गायिका करूं शकली असती.

यानंतर १४ मार्च १८८५ रोजीं 'मिकाडो' आलें. सव्हॉयवर त्याचे लागोपाठ ६७२ प्रयोग झाले. कथा जपानची म्हणून सांगितली असली तरी थट्टा सगळी इंग्रजी कारभाराची आहे. कार्टच्या मंडळींत लिओनोरा ब्रॅहम, सिबिल ग्रे आणि जेसी बाँड या तिघी उंचीनें लहान आणि जवळजवळ सारख्या होत्या. हा योगायोग पाहून गिल्बर्टनें त्यांना एकाच शाळेंतून सुटलेल्या तीन मुली केलें. पैकीं ब्रॅहम ही नायिका यम्-यम् आणि जेसी ही पिट्टी-सिंग. त्या सुमारास लंडनच्या नाइट्सब्रिज भागांत जपानी कारागिरांचें एक खेडें प्रदर्शनासाठीं वसविलेलें होतें. तेथल्या जपानी मंडळींकडून या तिघींना लहान पावलांनीं चालणें, पंखा उघडणें आणि मिटणें, तोंडावर धरून हंसणें हें सारें शिकविण्यांत आलें.

तिघींचे झगे सारखे, केशरचना सारखी, गाणें एकत्र, पावलें एकत्र. अशा स्थितींत एकीनें उठून दिसावें कसें ? जेसीनें युक्ति केली ती कपड्यांच्या खोलींत. जपानी पोशाखांत कमरेभोंवतीं रुंद पट्टा असतो आणि त्याची मोठी गांठ पाठीवर बसते. जेसीनें कपडे सांभाळणाऱ्या बाईला गांठून आपली गांठ इतर दोघींहून पुष्कळच मोठी करून घेतली. प्रयोगांत संधि सांपडली कीं ती प्रेक्षकांकडे पाठ करी आणि ती गांठ हलवी. ही गोष्ट तिनें स्वतःच पुढें आपल्या आठवणींत सांगितली आहे.

वरवर पाहतां ही खोडी आहे. पण तिच्यांतलें शास्त्र पाहण्यासारखें आहे. गिल्बर्टच्या संहितेंतला एकही शब्द तिनें बदलला नाहीं. एकही वाक्य पदरचें घातलें नाहीं. सर्व काळजीपूर्वक सारखें केलेलें असतांना एकच गोष्ट प्रमाणाबाहेर असावी आणि तिच्या मालकिणीच्या चेहऱ्यावर मात्र त्याची कांहींच दाद नसावी, हें हास्याचें एक जुनें बीज आहे. लेखकाच्या हुकमाखालीं राहूनही नटाला स्वातंत्र्य कोठें उरतें, याचा शोध तिनें घेतला आणि तें तिला पाठीवर सांपडलें !

याच नाटकांतली दुसरी हकीकत उलट बाजूची आहे. दुसऱ्या अंकांत सम्राटापुढें तीन अपराधी साष्टांग पडलेले असतात : फांशीच्या कामावर नेमलेला को-को, सर्वाधिकारी पू-बा, आणि पिट्टी-सिंग. को-कोचें काम करणारा जॉर्ज ग्रॉसस्मिथ हा त्या मंडळींतला मोठा विनोदी नट. जेसीनें त्याला हळूच ढकललें कीं तो पार कोलांटी खाई, आणि नाट्यगृह दणाणून जाई. गिल्बर्टनें ती कोलांटी बंद करावयास सांगितलें. ग्रॉसस्मिथ म्हणाला कीं, तिला मोठा हंशा येतो. त्यावर गिल्बर्टचें उत्तर प्रसिद्ध आहे : मांस भरलेल्या पाईवर बसलास तरीसुद्धां येईल. गिल्बर्टचें म्हणणें बरोबर होतें. कथेशीं संबंध नसलेला हंशा नाटकाचें भांडवल खाऊन टाकतो. पिट्टी-सिंगची खरी चमक त्या ढकलण्यांत नाहींच. ती त्यापूर्वींच्या प्रसंगांत आहे. न झालेल्या शिरच्छेदाचें वर्णन तिघांनीं सम्राटाला रंगवून सांगावयाचें असतें, आणि ही लहानशी मुलगी आपल्या वांट्याची थाप इतक्या निरागस उत्साहानें मारते कीं ऐकणाऱ्याला खोटें माहीत असूनही आनंद होतो. दरम्यान नायिका चंद्राकडे पाहत बसलेली असते म्हटलें तरी चालेल.

सव्हॉयच्या नाटकांत आणखीहि एक विनोदी स्त्री असे, आणि तिच्याविषयीं बोलल्यावांचून जेसीच्या जागेचें मोल कळणार नाहीं. ही म्हणजे वय झालेली, जाडजूड, लग्नास उतावळी अशी प्रौढा. 'पेशन्स'मधील लेडी जेन, 'मिकाडो'मधील कॅटिशा या त्या जातीच्या. कॅटिशा करणाऱ्या रोझिना ब्रँड्रॅमचा खर्जांतला आवाज उत्तम होता, आणि तिनें या भूमिकांना मान मिळवून दिला. तरी गिल्बर्टनें म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांची जी चेष्टा नाटकामागून नाटकांत केली, ती आज वाचतांना कडवट लागते. सखीच्या भूमिकेला वयाची मर्यादा आहे. ती ओलांडली कीं पुढें ही प्रौढाच उभी असते. जेसी बाँडला हें दिसत नव्हतें असें नाहीं.

२२ जानेवारी १८८७ रोजीं 'रुडिगोर' आलें. पहिल्या रात्रीं प्रेक्षकांतून कांहीं नापसंतीचे आवाजही उठले. मात्र त्यांतली वेडी मार्गारेट सर्वांच्या मनांत राहिली. चिंध्या पांघरलेली, केस विसकटलेली ही प्रेमभंग झालेली मुलगी म्हणजे ऑफिलियासारख्या नाटकी वेडाची थट्टा होय. पण जेसीनें ती इतक्या खऱ्या वेदनेनें केली कीं हंसावें कीं हळहळावें हें प्रेक्षकाला ठरवितां येईना. दुसऱ्या अंकांत तीच मार्गारेट सुधारून, लग्न करून, नीटनेटकी समाजसेविका होऊन येते. मधूनच जुना झटका उसळतो. तेव्हां नवऱ्यानें 'बेसिंगस्टोक' या एका अगदीं नीरस गांवाचें नांव उच्चारावें आणि तिनें भानावर यावें, अशी तोड ठरलेली असते. येथें नटीला एका श्वासांत दोन बायका दाखवाव्या लागतात. बोलतां येत नाहीं म्हणून जिचे संवाद नऊ वर्षांपूर्वीं कापले, तिच्याच बोलण्यावर हा प्रवेश उभा आहे.

पुढच्याच वर्षीं, ३ ऑक्टोबर १८८८ रोजीं, 'यीओमेन ऑफ दि गार्ड'चा पडदा उघडला तेव्हां प्रेक्षक चकित झाले. नेहमीं प्रारंभीं सगळा गायकवर्ग रंगमंचावर गर्दी करी. या वेळीं फीबी नांवाची एक मुलगी एकटीच चरख्यावर सूत कांतीत बसलेली होती. ती जेसी. भूमिका तिच्या हातीं देतांना गिल्बर्टनें सांगितलें होतें कीं, येथें अभिनय करण्याची गरज नाहीं, ही तूंच आहेस. त्या रात्रीं मात्र धीर सुटला तो त्याचा. तो पडद्यामागें तिच्याभोंवतीं घिरट्या घालीत पुन्हां पुन्हां सूचना देऊं लागला. शेवटीं तिनें त्याला स्पष्ट सांगितलें कीं, तो येथून गेला नाहीं तर तिच्या तोंडून सूर निघणार नाहीं. आणि हा कडक शिस्तीचा गृहस्थ मुकाट्यानें निघून गेला. फीबी नाटकभर हंसविते, तुरुंगाच्या कारभाऱ्याला लाडीगोडीनें गुंगवून त्याच्या किल्ल्या लांबविते. पण जिच्यासाठीं नव्हे, ज्याच्यासाठीं हें सारें केलें, तो नायक दुसरीचाच होतो. तिला गुपित राखण्याच्या मोबदल्यांत त्याच कारभाऱ्याशीं लग्न कबूल करावें लागतें. विनोदी सखीच्या हंशाची किंमत कोण देतें, हें गिल्बर्टनें याहून उघड कोठें लिहिलें नाहीं.

खऱ्या आयुष्यांत मात्र जेसी ती किंमत वसूल करून घेणारी होती. १८८९ सालीं 'गॉन्डोलिअर्स'ची तयारी सुरू झाली. प्रमुख नटनटींच्या मानापमानांना कंटाळून गिल्बर्टनें या वेळीं कोणासही वरचढ होऊं न देण्याचें ठरविलें होतें. नायिका दोन, नायक दोन, सर्वांना सारखें काम. नाटकाचा विषयही तोच : दोन नावाडी राजे होतात आणि राज्यांत सर्वांना समान करून घोटाळा उडवितात. ऐन त्याच वेळीं जेसीनें कळविलें कीं, आठवड्याला २० पौंडांऐवजीं ३० पौंड मिळाल्याशिवाय ती टेसाचें काम करणार नाहीं. गिल्बर्ट संतापला. कार्टला शेवटीं ते पैसे मान्य करावे लागले. तालमींत गिल्बर्ट बराच काळ तिच्याशीं धड बोलेना. बोलला तर, वाट सोडा, भारी पगाराची कलावती येत आहे, अशा आशयाचा टोमणा मारी. तिनें तो ऐकून घेतला आणि पगारही घेतला. ७ डिसेंबर १८८९ पासून नाटकाचे ५५४ प्रयोग झाले; तेव्हां कार्टचें नुकसान झालें असें कांहीं म्हणतां येत नाहीं.

तिची मागणी नायिका होण्याची नव्हती, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मधल्या पट्टीचा आवाज, लहान अंगलट आणि मिस्किल डोळे घेऊन आपण कोण आहोंत हें तिला ठाऊक होतें. तिला हवा होता तो दुसऱ्या जागेचा पहिल्या प्रतीचा मोबदला.

१८९१ सालीं तिनें सव्हॉय सोडलें, सहनट रटलंड बॅरिंग्टन याच्याबरोबर दोघांचे छोटे खेळ करीत गांवोगांव हिंडली, १८९४ सालीं गिल्बर्टच्या 'हिज एक्सलन्सी' या दुसऱ्या संगीतकाराबरोबर केलेल्या नाटकांत काम केलें, आणि 'मिकाडो' पुन्हां उभें राहिलें तेव्हां चाळिशी उलटून गेली असतांना पुन्हां शाळकरी पिट्टी-सिंग झाली. १८९७ सालीं एका इंजिनिअरशीं लग्न करून तिनें रंगभूमीचा निरोप घेण्याचें ठरविलें. हें ऐकून गिल्बर्टनें तिला वेड्यांत काढलें. तेव्हां तिनें त्याला त्याच्याच बोलण्याची आठवण दिली : म्हाताऱ्या बायका आवडत नाहींत असें तो नेहमीं म्हणे. ती स्वतः आतां लौकरच म्हातारी होणार. मग तिची तरतूद तो करील काय? गिल्बर्टला होय म्हणतां येईना. जो करणार आहे त्याच्याकडेच आपण चाललों आहोंत, असें सांगून ती निघाली. कॅटिशाची भूमिका तिनें कधींच केली नाहीं.

पुढें पंचेचाळीस वर्षें ती जगली. सलिव्हन १९०० सालीं गेला, कार्ट १९०१ मध्यें, गिल्बर्ट १९११ मध्यें, ग्रॉसस्मिथ त्याच्या पुढच्या वर्षीं. १९३० सालीं, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीं, तिनें आपल्या आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पाठीवरच्या त्या मोठ्या गांठीची हकीकत त्यांतलीच आहे, आणि ती सांगतांना म्हातारीला पश्चात्ताप झालेला मुळींच दिसत नाहीं. १७ जून १९४२ रोजीं, महायुद्ध चालूं असतांना, समुद्रकांठच्या वर्दिंग गांवीं ती वारली. त्या वेळीं तिचें वय ८९ होतें.